चौथा कोड

“फोन टाका सगळ्यांनी ह्या डब्यात,” आप्पा म्हणाले.

डबा माझ्याच घरचा, दिवाळीचा चिवडा ठेवायचा. आप्पा चौगुल्यांनी आधी स्वतःचा फोन बंद करून आत टाकला, मग दिलावरभाईंनी, मग मी. आप्पांनी झाकण दाबून लावलं आणि डबा माझ्या ऑफिसातल्या कपाटावर नेऊन ठेवला.

“काय आप्पा, आमच्यावर इश्वास न्हाई व्हय?” दिलावरभाई हसत म्हणाले.

“विश्वास आहे म्हणूनच डबा. उद्या कुणी कुणाकडं बोट दाखवायला नको.”

मला ते पटलं. त्या काळात मला आप्पांचं सगळंच पटायचं.

दोन हजार सात सालची ही गोष्ट. शिरोली एमआयडीसीत आमची तीन वर्कशॉपं एका गल्लीत होती आणि तिन्ही नीलगंगा पंप्स ह्या एकाच कंपनीच्या कामावर चालायची. आम्ही इंपेलर करायचो, म्हणजे पंपात पाणी फेकणारी ती पात्यांची चकती. फाउंड्रीतून कच्चा माल यायचा तो आधी माझ्या लेथवर. माझ्याकडून हातगाडीवर दिलावरभाई मुल्लांकडं, तिथं स्लॉटिंगवर आतली खाच पाडायची. तिथून आप्पांकडं, भोकं पाडून बॅलन्सिंगला. कुणाचं मशीन बंद पडलं तर शेजाऱ्याचं वापरायचं. कागद नाही, चिठ्ठी नाही. ऑर्डर कुणाच्याही नावावर निघाली तरी काम तिघांचं, अशीच रीत होती.

मी शैलजा नरंदे. आमचे मालक, शांतिनाथ, छातीत कळ आल्याचं निमित्त होऊन एका सकाळी गेले, तेव्हा मुलगी सहावीत होती. दीर म्हणाले मशिनं विका, भाऊ म्हणाला जयसिंगपूरला चल, माझंही वर्कशॉप आहे, तिथंच हिशेब बघ. मी म्हणाले, विकून खाऊ आणि खाऊन झालं की काय करू? पुढच्या महिन्यापासून मी शेडमध्ये बसायला लागले आणि दारावर बोर्ड लावला, ‘शैलजा इंजिनिअरिंग’. लोक हसले. हसू देत. बोर्ड लावताना खाली शिडी धरायला आप्पा होते, आणि वर्षभर माझ्या मालातली खोट काढून, “वैनी, हे परत घासा, कंपनीत नापास होईल,” असं गुपचूप सांगणारेही तेच होते. हे मी विसरलेले नाही. म्हणून तर जास्त जळतं.

कंपनीत मात्र माझे हाल कुत्रं खात नव्हतं. परचेसच्या बाकावर तासन् तास बसायचं, आणि साहेब बाहेर आला की माझ्या डोक्यावरून मागं बघून विचारायचा, “शेठ कुठायत? तुम्ही कशाला आलात वहिनी?” बिलासाठी अकाउंट्सला जावं तर ते म्हणणार स्टोअर्सचा कागद आला नाही. स्टोअर्स म्हणणार तपासणीचा आला नाही. तपासणीवाला जेवायला गेलेला. चपला झिजल्या माझ्या.

मग नीलगंगात ईआरपी आलं. गेट, स्टोअर्स, तपासणी, अकाउंट्स, सगळी कंपनी एका सॉफ्टवेअरमध्ये बांधली. वर्षभरानं त्याचं एक दार आमच्यासाठीही उघडलं, व्हेंडर पोर्टल म्हणून. नवे परचेस मॅनेजर देशमाने साहेब, त्यांनी आम्हा पुरवठादारांना हॉलमध्ये बोलावून पडद्यावर ई-बिझनेसचे फायदे दाखवले. शेड्यूल ऑनलाइन, चलन ऑनलाइन, बिल ऑनलाइन, कुणाच्या दारात उभं राहायला नको. हॉलमधले निम्मे लोक एसीत डुलक्या घेत होते. मी मात्र कान टवकारून ऐकत होते. कारण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या कॉम्प्युटरला मी बाई आहे हे दिसत नव्हतं. त्याला फक्त माझा कोड नंबर कळत होता.

मी क्लास लावला, शिकले. माझी नोंदणी केली, मग आप्पांची आणि दिलावरभाईंचीही मीच करून दिली, कारण दोघंही माऊसला हात लावायला कचरत होते. आणि खोटं कशाला बोलू, फायदा झाला. पैसे ठरल्या तारखेला खात्यात पडायला लागले. त्या भरवशावर मी बँकेचं कर्ज काढून नवं सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ, घेतलं. आप्पा मला लाडानं ‘पोर्टल वैनी’ म्हणायला लागले.

आणि मग देशमाने साहेबांनी ऑनलाइन बोली आणली. पुढच्या तीन वर्षांचे इंपेलर एकाच पुरवठादाराला मिळणार, जो सगळ्यात कमी दर टाकेल त्याला. दुसरा कोण, किती टाकतोय, काही दिसणार नाही. दिसणार फक्त आपला क्रमांक.

“म्हणजे आपलीच कोंबडी आपणच झुंजवायची,” दिलावरभाई म्हणाले होते.

तेव्हा तोडगा आप्पांनीच काढला. एक दर ठरवायचा, ज्याच्या खाली गेलं तर तिघंही मरू. त्याच्या खाली कुणी जायचं नाही. ह्या वेळी पाळी माझी, म्हणून मी तो दर टाकायचा आणि ते दोघं थोडा वर टाकतील. ऑर्डर माझ्या नावावर निघेल, काम नेहमीसारखं तिघं करू. आणि बोलीच्या वेळी सगळे एका खोलीत बसायचं. माझ्या कर्जाचा जीव त्या ऑर्डरीत होता, हे आप्पांना माहीत होतं. “वैनी, तुमचं मशीन एकदा मार्गी लागू दे,” असं तेच म्हणाले होते.

तर त्या दिवशी आम्ही तसे बसलो होतो. माझ्या ऑफिसचे दोन कॉम्प्युटर आणि एक लॅपटॉप, जो आप्पांच्या मुलानं, अजितनं, सकाळी आणून दिला होता. अजित थांबला नाही. कागलला काम आहे म्हणून गेला. तिन्ही मशिनांवर टाइप करणारी मी एकटीच, आणि दोघं माझ्या दोन्ही बाजूंना खुर्ची ओढून.

बोली सुरू झाली. मी ठरल्याप्रमाणे तिन्ही दर टाकले. माझ्या पडद्यावर आलं, क्रमांक एक. आप्पांचा दोन, दिलावरभाईंचा तीन.

“झालं की!” दिलावरभाईंनी मांडीवर थाप मारली. “एवढ्यासाठी एसी हॉलात भाषणं.”

चहा मागवला. बशीत ओतून प्यायलो. वेळ संपत आली होती. आणि माझ्या पडद्यावरचा एक जाऊन तिथं दोन आला.

“अहो, हे काय?” मी म्हणाले.

आप्पांच्या लॅपटॉपवर तीन. दिलावरभाईंच्या समोर चार.

“चार?” दिलावरभाई खुर्चीतून उठले. “आपण तीन हाय की. चौथा कोण आला मधी?”

“बाहेरचा कुणी घुसला,” मी म्हणाले. “आप्पा, मी थोडं कमी करू? एकच टप्पा. वेळ आहे अजून.”

“नाही.”

“आप्पा, अहो ऑर्डर चालली!”

“चालू द्या,” आप्पा म्हणाले. शांत होते अगदी. “शब्द म्हणजे शब्द, वैनी. ठरलेल्याच्या खाली जायचं नाही. आज तुम्ही गेलात तर उद्या मी जाईन, परवा दिलावर जाईल. आपल्या गल्लीत असं कधी झालंय?”

मी बटणावरचा हात मागं घेतला. काय म्हणून घेतला, देव जाणे. वेळ संपली. पडद्यावर जिंकलेला दर आला, नाव नाही, आणि आम्ही तिघं बघतच राहिलो. आम्ही ठरवलेल्या दराच्या जेमतेम खाली. बाहेरचा कुणी असता तर भसकन कितीही खाली आला असता. हा कुणीतरी अगदी आमच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला होता.

दिलावरभाई म्हणाले, “हे आपल्यातल्याच कुणाचंतरी काम हाय. तो दर आपण तिघांशिवाय कुणाला ठावं होता?”

आप्पांनी कपाटावरचा डबा काढला, ज्याचा त्याला फोन दिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “वैनी, जयसिंगपूरला तुमच्या भावाचं वर्कशॉप आहे ना?”

“आहे. मग?”

“त्याचाही कोड काढलाय का तुम्ही? नाही, आपलं विचारतोय. आमचे दोघांचे तुम्हीच काढलेत म्हणून.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “आप्पा, काय बोलताय तुम्ही? माझ्याच पाळीची ऑर्डर मी माझ्या भावाला कशाला देईन? डोकं फिरलंय का माझं?”

“तिघांत वाटायची ऑर्डर एकट्या घरात गेली तर फायदाच की,” आप्पा हळूच म्हणाले. “मी म्हणत नाही तुम्ही केलंत. मी म्हणतोय, आमच्या दोघांना तर ते कॉम्प्युटरचं काही कळत नाही.”

मी दिलावरभाईंकडं बघितलं. हा माणूस आमचे मालक गेले तेव्हा खांदा द्यायला पुढं होता. त्यांनी नजर खाली घातली.

“दिलावरभाई, तुम्हाला खरं वाटतंय हे?”

“वैनी, मला काय वाटायचंय,” ते म्हणाले. “मला ह्यातलं काय बी कळत न्हाई. पर कळणारं एकच माणूस हाय हितं.”

मी भरपूर बोलले. ओरडले, शिव्या दिल्या, भावाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो बिचारा म्हणतोय, कसलं पोर्टल, ताई? तर आप्पा म्हणाले, आता तो दुसरं काय म्हणणार. आणि दोघं उठून गेले.

त्यानंतर भांडण काही झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. माझी हातगाडी दिलावरभाईंच्या दारात गेली की त्यांचा माणूस म्हणायचा, स्लॉटिंग मशीन बिघडलंय. आप्पांच्या दारात गेली की ड्रिल रिकामं नाही. बाहेरच्या छोट्या पार्ट्यांची कामं मला मिळत होती, पण एकट्या लेथवर पुरा होणारा माल असतो किती? अर्धा माल अर्धवट पडून राहायला लागला. मी सकाळी गल्लीत शिरले की चहाच्या टपरीवरचं बोलणं थांबायचं. सीएनसीवर मी कापड टाकून ठेवलं, कारण बंद मशीन बघवत नव्हतं. बँकेचा माणूस आला तो मात्र कापड वर करून बघून गेला.

देशमाने साहेबांना मी विचारलं, हा चौथा कोण? ते म्हणाले, “मॅडम, तेच तर ह्या सिस्टीमचं वैशिष्ट्य आहे. पारदर्शक पण गोपनीय.” ह्याचा अर्थ काय होतो ते अजून मला कुणी सांगितलेला नाही.

आठ-नऊ महिन्यांनी कंपनीनं पुरवठादारांचा वार्षिक मेळावा घेतला. मला आमंत्रण आलं. कुणी आठवणीनं बोलावलं असं नव्हे, सिस्टीममध्ये माझा कोड अजून जिवंत होता, म्हणून ईमेल आपोआप आला. जायचं नाही असं म्हणत म्हणत मी गेले. मेल्यासारखं घरात बसायला मी काही चोरी केली नव्हती. दिलावरभाई आले नव्हते. आप्पा पुढच्या रांगेत होते, कडक इस्त्रीच्या सफारीत.

देशमाने साहेबांनी पुन्हा पडदा लावला. ईआरपीला ई-बिझनेस जोडल्यानं कंपनीचे झालेले फायदे. गोदामातला पडून राहणारा माल कमी. खरेदीचा खर्च कमी. कागदपत्रं कमी. मग इंपेलरचं उदाहरण आलं: आधी पुरवठादार तीन, आता एक, दर खाली, वाहतूक एकाच ठिकाणाहून. टाळ्या पडल्या. त्या गेलेल्या तिघांत मी होते. कंपनीच्या फायद्यात माझीही नोंद झाली होती.

“आणि विशेष म्हणजे,” साहेब माईकवर म्हणाले, “ही आमची इंपेलरची पुरवठादार एक महिला उद्योजक आहे. आपल्या परदेशी ग्राहकांचा महिला पुरवठादारांसाठी मोठा आग्रह असतो. कागल पंचतारांकित एमआयडीसी, स्नेह एंटरप्रायझेस, मालक सौ. स्नेहल अजित चौगुले! त्या बाळंतपणासाठी माहेरी आहेत, म्हणून त्यांचे सासरे सत्कार स्वीकारतील.”

आप्पा उठले. वर गेले. शाल घेतली, नारळ घेतला, फोटोला उभे राहिले.

मला आधी काही समजेचना. मग सगळं एकदम समजलं, आणि रडू नाही आलं, हसू आलं. महिला उद्योजक हवी होती म्हणे! अहो, ती तुमच्याच बाकावर बसून चपला झिजवून गेली होती की. स्नेहल पोरगी चांगली होती, पण तिनं लेथ चालू कशी करतात हे तरी बघितलं होतं का कुणास ठाऊक.

जेवणाच्या रांगेत मी आप्पांना गाठलं. त्यांच्या ताटात जिलेबी होती, खांद्यावर ती शाल.

“अभिनंदन, आप्पा.”

ते दचकले नाहीत. म्हणाले, “या वैनी, बाजूला बसू.”

आम्ही भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलो. मी म्हणाले, “केसानं गळा कापलात. अजित घरी बसून टाकत होता का दर?”

“कागलच्या शेडमधून,” आप्पा म्हणाले. “त्याला फोनही करायला लागला नाही. खाली कुठवर यायचं ते आधीच माहीत होतं.”

“आणि मला म्हणालात शब्द म्हणजे शब्द.”

“मग? तुम्ही अजून खाली गेला असतात तर त्याला अजून खाली जायला लागलं असतं. मेलो असतो सगळे.” त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला. “वैनी, एकाच पुरवठादाराला मिळणार हे साहेब बोलले त्याच दिवशी मला कळलं. आपली हातगाडी संपली. एका छताखाली सगळं करेल तो जगेल. माझ्याकडं पोरगा होता, जागा होती. मी केलं.”

“केलंत तर केलंत. पण माझ्यावर का घातलंत? भावाचं नाव घेऊन?”

ते अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, “कुणावर तरी घालायला लागलंच असतं. गल्लीनं चौथा शोधलाच असता. दिलावरला तीन पोरी उजवायच्या आहेत, त्याचं नाव खराब झालं तर त्याला गिऱ्हाईक राहणार नाही. तुमचं काय, तुम्हाला माहेर आहे, भाऊ आहे, शेतीवाडी आहे. बाईमाणसाला कुणीतरी सांभाळतंच. माझ्या मनात तुमचं वाईट करायचं काही नव्हतं.”

असं म्हणाले ते. माझ्या डोक्यावर हात ठेवावा तसं. मी माझं ताट खाली ठेवलं, नाहीतर ते त्यांच्या सफारीवर गेलं असतं.

“दिलावरभाईंना सांगा,” मी म्हणाले. “आजच्या आज. मी नव्हते एवढं सांगा. तुम्ही होता हे नका सांगू वाटल्यास. मी नव्हते, एवढंच.”

“सांगतो की.” त्यांनी तोंड पुसलं. “आणि तुमच्या सीएनसीला कामही देतो कागलहून. बँकेचं भागेल. फक्त माझी एक अडचण आहे, तेवढी तुम्ही सोडवा.”

अडचण अशी होती. परदेशी ग्राहकांतर्फे पुण्याची एक एजन्सी तपासणीला येणार होती, महिला मालक खरंच कारभार बघते का ते पाहायला. एजन्सीतल्या कुणी स्नेहलला बघितलेलं नव्हतं. ती ओली बाळंतीण, आणि आली असती तरी लेथचं एक अक्षर बोलू शकली नसती.

“तुम्ही बसा तिच्या खुर्चीत. एक दिवस,” आप्पा म्हणाले. “विचारतील ते तुम्हाला सगळं येतं. अजित आत मशिनांवर असेल. मी तिकडं फिरकतच नाही, सासरा दिसला की शंका येते. वयाचं कोण बघतंय?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि वैनी, नावापुढं सौ. आहे. तेवढी कपाळाला टिकली लावून या.”

तुम्ही म्हणाल, तिथंच का नाही थोबाडीत दिली? मी घरी येऊन रात्रभर स्वतःला तेच विचारलं. पण बँकेची शेवटची नोटीस ड्रॉवरमध्ये होती. मुलगी दहावीत होती. आणि त्याहून मोठं सांगू? मला गल्लीत परत जायचं होतं. टपरीवरचं बोलणं मी आल्यावर थांबू नये, दिलावरभाईंनी माझी हातगाडी आत घ्यावी, दारावरचा माझ्या नावाचा बोर्ड मला मान वर करून बघता यावा, एवढंच मला हवं होतं. माझं कुणी ऐकणार नव्हतं; त्यासाठी आप्पांनी तोंड उघडायला हवं होतं, आणि आप्पा फुकट तोंड उघडणारे नव्हते.

मी गेले. आरशासमोर टिकली लावली तेव्हा मुलीनं विचारलं, “आई, हे काय?” मी तिला म्हणाले, “तुझा डबा भरलाय, वेळेत निघ.”

कागलची शेड झकास होती. सगळं एका छताखाली, लेथ, स्लॉटिंग, ड्रिल, बॅलन्सिंग. काचेची केबिन, फिरती खुर्ची. पुण्याहून दोघं आले होते. एकाला अजित आत मशिनं दाखवायला घेऊन गेला, दुसरा, कुलकर्णी नावाचा तरुण, चष्मेवाला, माझ्यासमोर वही उघडून बसला.

त्यानं विचारलं आणि मी बोलत गेले. इंपेलर लेथवर धरताना कुठं धरायचा, पातळ पातं का तडकतं, माल परत आला तर काय करायचं. बोलता बोलता मी विसरले की मी कोण आहे. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला कामाचं विचारत होतं आणि उत्तर लिहून घेत होतं.

“कमाल आहे मॅडम,” तो म्हणाला. “खरं सांगू, बऱ्याच ठिकाणी बायका फक्त कागदावर असतात. इथं बघून बरं वाटलं.”

मी मान हलवली. तेवढ्यात काचेच्या दारावर टकटक झाली.

दारात दिलावरभाई उभे होते. हातात रुमालात गुंडाळलेला एक इंपेलर, नमुना म्हणून आणलेला. त्यांचंही काम बसलं होतं. नवं युनिट कागलला आहे, खाचा पाडायचं काम बाहेर देतात का विचारून बघू, म्हणून ते इतक्या लांब आले होते. युनिट कुणाचं हे त्यांना माहीत नव्हतं. बोर्डावर नुसतं ‘स्नेह एंटरप्रायझेस’. आप्पा तिथं नव्हते, अजित आत होता. समोर फिरत्या खुर्चीत बसलेली मी.

त्यांनी आधी मला बघितलं. मग कुलकर्णीला. मग माझ्या कपाळाकडं त्यांची नजर गेली आणि तिथंच थांबली.

“काय काम होतं?” कुलकर्णीनं विचारलं. “मॅडम जरा बिझी आहेत. ह्याच मालक आहेत, पण तपासणी चालू आहे. नंतर या ना.”

“मालक,” दिलावरभाई म्हणाले.

दिलावरभाई, थांबा, तुम्ही समजता तसं नाही, हे आप्पांचं आहे. एवढंच म्हणायचं होतं. पण कुलकर्णी पेन उघडं ठेवून माझ्याकडं बघत होता, आणि तोंड उघडलं असतं तर बँक, मशीन, आप्पांचा शब्द, सगळंच गेलं असतं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिले.

“म्हणजे तुम्हीच होता, वैनी,” ते म्हणाले. रागानं नाही. उलट जिवावरचं ओझं उतरल्यासारखं. “मला वाटायचं, आपण उगाच बाईमाणसावर आळ घेतला. नमाजाला बसलो तरी मनात यायचं.”

इंपेलर पुन्हा रुमालात गुंडाळून ते गेले.

“कोण होते?” कुलकर्णीनं विचारलं.

“ओळखीचे वाटले नाहीत,” मी म्हणाले.

त्यानं फॉर्म माझ्यापुढं सरकवला. मी सही केली, सौ. स्नेहल अजित चौगुले. तपासणीत स्नेह एंटरप्रायझेस पहिल्या वर्गात पास झालं.

आप्पांनी शब्द पाळला. कागलहून माझ्या सीएनसीला काम आलं, कर्ज फिटलं. आणि पुढच्याच आठवड्यात ते स्वतः दिलावरभाईंच्या शेडमध्ये गेले, माझ्यादेखत, आणि त्यांच्या माणसांसमोर मोठ्यानं म्हणाले, “दिलावर, त्या दिवशी दर पाडला तो वैनींनी नाही पाडला. मी खात्री केलीय.”

दिलावरभाईंनी हातातलं काम खाली ठेवलं, आधी आप्पांकडं बघितलं, मग माझ्या आता रिकाम्या कपाळाकडं, आणि हसायला लागले.